रविवारचे तेल

गेल्या वैशाखाच्या अखेरीस एका सकाळी, आमच्या गावच्या महादेवाची पूजा आटोपून मी आसनावरून उठू लागलो आणि मला उठता आले नाही. गुडघे काही वर्षे कुरकुरत होतेच. परंतु त्या दिवशी उजवा पाय मांडीपासून पोटरीपर्यंत असा आखडला, की तो माझा आहे असेही वाटेना. आमच्या देवळाचा गाभारा सभामंडपापेक्षा पाच पायऱ्या खाली आहे. पायऱ्या दगडी, उंच आणि बारमाही ओलसर. धसईच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यापासून देऊळ थोडे आत असल्याने सकाळी दोन-चार बायका पाणी घालून गेल्या, की दुपारपर्यंत तेथे कोणी फिरकत नाही. मी दोनदा हाक मारली. ती गाभाऱ्यातच घुमली आणि विरली.

समोर पिंडी होती. तिच्या शाळुंकेला धरून रेटा दिला असता, तर कदाचित उठलोही असतो. परंतु चाळीस वर्षे ज्याला स्नान घातले, गंध लावले, त्याचाच खांब करून उभे राहावे हे मनाला पटेना. मी तसाच बसून राहिलो आणि रुद्राची आवर्तने सुरू केली. खरे सांगायचे तर त्या आवर्तनांत भक्ती नव्हती, रोष होता. बालपणी पाठशाळेत गेलो तेव्हापासून आजवर, म्हणजे वयाच्या शहात्तराव्या वर्षापर्यंत, नित्यनेम चुकवला नाही. मग जो रोज तुझ्या दारी येतो त्याचेच पाय तू का काढून घेतोस, असा प्रश्न ओठांवर मंत्र असताना मनात चालला होता. हे लिहिताना लाज वाटते. परंतु अनुभव सांगायचा, तर त्याचा आरंभ जसा होता तसाच सांगितला पाहिजे.

तासाभराने सभामंडपात पावले वाजली.

"कोन हाये खाली?"

पायऱ्यांच्या तोंडाशी एक पन्नाशीचा, काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस उभा होता. डोक्यावरची भेंडीची पाटी त्याने खांबाशी उतरवली. बाजाराला जाताना त्याची एसटी आमच्या फाट्यावर बंद पडली होती आणि तो देवळाच्या विहिरीवर पाणी प्यायला आत आला होता. मी त्याला पूर्वी कधी पाहिले नव्हते.

"गुरजी, काय झाला? पाय धरला का?"

"आखडला आहे. उठता येत नाही."

तो दोन पायऱ्या उतरला आणि माझ्या तोंडून, सवयीने, शब्द निघून गेले, "थांब. मी सोवळ्यात आहे. शिवू नकोस."

तो जागीच थांबला. रागावला नाही. "नाय शिवत. पन मंग उठवू कसा? मना काय मंतर येत नाय." असे म्हणून तो तेथेच पायरीवर बसला, आणि माझ्याकडे पाहत शांतपणे वाट पाहू लागला. मी काहीतरी ठरवीन, अशी त्याला खात्री असावी. त्या बसण्यात एवढा निवांतपणा होता, की माझाच हट्ट मला हास्यास्पद वाटू लागला. अखेर मी मान हलवली.

मला वाटले होते तो काखेत हात घालून उचलील. त्याने तसे काहीच केले नाही. कोनाड्यात नंदादीपासाठी तिळाच्या तेलाची बुधली होती, तिच्यातून चार थेंब तळहातावर घेऊन त्याने हात चोळून गरम केले आणि माझ्या पोटरीवर ठेवले. "ते देवाचे तेल आहे," मी म्हणालो. "देवाच्याच मानसाला लावतो," तो म्हणाला. घोट्यापासून वर, गुडघ्याच्या वाटीला धक्का न लावता तिच्या बाजूंनी, पुन्हा घोट्यापासून वर, असे तो कितीतरी वेळ करीत राहिला. मध्येच थांबून अंगठ्याने एखादी जागा दाबून धरी. कळ मस्तकापर्यंत जाई आणि मग त्या जागेतून काहीतरी सुटे. थोड्या वेळाने मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिलो. पायऱ्या चढताना तो माझ्या मागे होता. वर पोहोचल्यावर त्याने नाव सांगितले, काळूराम. धसईच्या वाटेवरील एका वाडीत त्याची भातशेती होती. वडील नऊ वर्षे अंथरुणाला खिळलेले असताना त्यांना रोज मालिश करता करता तो हे शिकला. त्याला शिकवणारा डोंगराकडचा एक म्हातारा आता हयात नव्हता.

पुढच्या आठवड्यात वाशिंदला राहणारा माझा मुलगा आला आणि मला शहापूरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. गुडघ्यांची झीज वयाची आहे, ती भरून येणार नाही. परंतु स्नायू आखडून गेले आहेत ते सैल होतील, हलकी मालिश आणि रोजची हालचाल ठेवा, असे त्यांनी सांगितले. मुलगा कारखान्यात नोकरी करतो, शांत स्वभावाचा आहे. परतताना तो म्हणाला, "बाबा, तुम्ही गाभाऱ्यात अडकलात हे ऐकल्यापासून मला झोप नाही. श्रावणापर्यंत पाहू. तोवर पायऱ्या उतरता आल्या तर माझं काही म्हणणं नाही. नाही आल्या, तर तुम्ही दोघं वाशिंदला या. लिफ्ट आहे, दवाखाना खाली आहे. पूजेला मुरबाडचे गुरुजी यायला तयार आहेत, मी विचारलंय." त्याच्या बोलण्यात अन्याय्य असे काही नव्हते. परंतु देव सोडून जाणे म्हणजे काय हे मी त्याला कसे समजावणार? ज्याला रोज पहाटे उठवले, त्याला एके दिवशी दुसऱ्यावर सोपवून तिसऱ्या मजल्यावर राहायला जायचे.

मी काळूरामला निरोप धाडला. तो आला, पाय पाहिले आणि म्हणाला, "एकवीस दिस लागोपाठ करायला लागल. खंड नाय पडला पायजे. रोज उजाडताना येतो, तेल लावतो, मंग तुमी कढत पान्याने आंघोळ करा."

येथे माझी चूक झाली, आणि ती चूक माझ्यासारख्यानेच करावी अशी होती. अभ्यंगाला, म्हणजे अंगाला तेल लावण्याला, आमच्या परंपरेत वार आणि तिथी पाहतात. रविवार, मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार वर्ज्य. एकादशी, चतुर्दशी, अमावास्या, पौर्णिमा आणि अशा आणखी काही तिथीही वर्ज्य. मी काळूरामला सोमवार, बुधवार आणि शनिवार दिले, आणि त्यांतूनही निषिद्ध तिथी वगळल्या. भिंतीवरच्या पंचांगावर पेन्सिलीने खुणा करून त्याला दाखवल्या. तो बराच वेळ त्या खुणांकडे पाहत राहिला.

"गुरजी, सात दिसातले तीन दिस नांगर धरला, तर शेत कसा तयार होल?"

आतून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "अरे काळूराम, दुखणं पंचांग बघून आलं असतं ना, तर यांनी त्यालासुद्धा मुहूर्त काढून दिला असता!"

काळूराम मान खाली घालून हसला. मी हसलो नाही. नियम पाळणाऱ्याची थट्टा होतच असते, असे मी स्वतःला समजावले.

ज्येष्ठात जेमतेम आठ-नऊ दिवस मालिश झाली. ज्या दिवशी होई त्या दिवशी पाय हलका वाटे. मध्ये दोन दिवस गेले, की पुन्हा लाकूड. तेलात तो ओवा आणि निरगुडीचा पाला कढवून आणी. ("लसूण नाय घातला, तुमच्यासाठी सोडला," हे त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते.) मालिश करताना तो फारसे बोलत नसे. एकदा मात्र माझी टाच हातात घेऊन म्हणाला, "माझ्या बापाची टाच अशीच होती. भेगांची. शेवटी शेवटी त्याला मानसं वळखू येत नसत. पन मी टाच धरली की तो 'काळ्या' म्हनायचा."

त्या वाक्याने मी आतून हललो. माझे वडील अखेरची दोन वर्षे अंथरुणावर होते. मी त्यांच्या शेजारच्या खोलीत बसून त्यांच्यासाठी जप करीत असे, सकाळ-संध्याकाळ स्तोत्रे म्हणत असे, आणि माझ्या सेवेत न्यून नाही असे मला वाटे. त्यांचे पाय चेपायला शेतावरचा एक गडी येई. मला पूजेला जायचे असे, सोवळे मोडून चालत नसे. वडिलांच्या पायांना मी हात लावला तो केवळ नमस्कारापुरता. इतक्या वर्षांत ही गोष्ट मला एकदाही टोचली नव्हती. ती टोचली एका शेतकऱ्याच्या हातात माझी टाच असताना.

आषाढ लागला. पूजेला मी जात होतो, परंतु गाभाऱ्यात उतरत नव्हतो. वरच्या पायरीवर बसून मंत्र म्हणत असे आणि शेजारचा एक गृहस्थ खाली जाऊन पाणी, बेल वाहत असे. मुलाचा फोन दर आठवड्याला येई. तो श्रावणाचा विषय काढीत नसे, यावरूनच तो त्याच्या मनात आहे हे कळे. घरातील दोन ट्रंका आमच्या सौभाग्यवतींनी माळ्यावरून उतरवून पुसून ठेवल्या होत्या. विचारले, तर म्हणाल्या, "झुरळं झाली होती."

त्या महिन्यातल्या एका शनिवारी काळूराम आला नाही. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू होती, चिखलात घरची सगळी माणसे राबत होती, तेव्हा ते स्वाभाविकच होते. दुसऱ्या दिवशी रविवार. पाऊस उघडला होता. उजाडता मी देवळाच्या अंगणात चाफ्याखालच्या पारावर बसलो होतो, तोच काळूराम चिखलाने भरलेल्या पायांनी येऊन उभा राहिला.

"काल जमला नाय गुरजी. आज करतो."

"आज रविवार आहे, काळूराम."

"हां. माज्याकडं पन रविवारच हाये." त्याने बाटलीतील तेल वाटीत ओतले, वाटी पारावर ठेवली आणि विहिरीवर पाय धुऊ लागला. आमच्या सौभाग्यवती फुलांची परडी घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तो चिखलातून आलाय. उद्या त्याला पुन्हा जमेल न जमेल. करून घ्या."

"नियम माझ्या सोयीसाठी केलेले नाहीत."

"मग कोणाच्या सोयीसाठी केलेत? वर बसून पूजा करता, ते कोणत्या नियमात बसतं?"

मला राग आला. खरे बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा. मी उठून घरी जाण्यासाठी पारावर हात टेकला. उठता येईना, पुन्हा बसलो. त्याच क्षणी वरून एक चाफ्याचे फूल सुटले आणि तेलाच्या वाटीत पडले. पांढरे, मध्ये पिवळे, तेलावर उताणे तरंगत राहिले.

काळूराम पुढे झाला. "थांबा, काढतो."

"राहू दे," मी म्हणालो.

काळूरामचा हात वाटीवरच थांबला. ज्या परंपरेत हे वार वर्ज्य सांगितले आहेत, तिनेच त्यांवर उपायही सांगितला आहे: रविवारी तेलात फूल घालावे, मंगळवारी चिमूटभर माती, गुरुवारी दूर्वा, शुक्रवारी थोडे गोमय, मग दोष राहत नाही. रुग्णाला तर हे सारे नियम मुळातच शिथिल आहेत. मी हे जाणत होतो. पाठशाळेत मुलांना मी हे शिकवले होते. परंतु वर्ज्य वार माझ्या नित्य स्मरणात राहिले आणि सूट तेवढी विसरलो, कारण सूट मागणे म्हणजे आपण दुबळे झालो हे मान्य करणे होते. स्वतःला रुग्ण म्हणवून घ्यायला मी तयार नव्हतो. नियमनिष्ठेच्या नावाखाली मी इतके दिवस जे जपले, तो माझा ताठा होता.

वारा होता, चाफ्याला बहर होता, फूल पडले. याहून अधिक मी काही म्हणत नाही. मी पाय पुढे केला.

त्या दिवशी काळूराम पाय चोळत असताना माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "दुखतो का?" त्याने विचारले. "नाही," मी म्हणालो. त्याचे हात अधिक सावकाश चालू लागले.

पुढचे दिवस आठवले, की अजून गंमत वाटते. मंगळवारी आमच्या सौभाग्यवतींनीच तुळशीतील चिमूटभर माती आणून वाटीत टाकली. गुरुवारी दूर्वा आल्या. शुक्रवारी काळूराम वाटीकडे पाहून म्हणाला, "आज काय, शेन?" आणि खरोखरच त्याचा कण तेलात पडताना पाहून त्याने कपाळावर हात मारला. "आई, आमचा बैल पन असा तेल लावून घेयाचा नाय!" सौभाग्यवती पदर तोंडाला लावून हसल्या, आणि या खेपेस मीही हसलो. दुसऱ्या आठवड्यात एकादशी आली. तिच्यासाठी मला काही उपाय आठवला नाही. मी पंचांग उघडले नाही. हात जोडून मनात एवढेच म्हणालो, की हा देह तुझ्या पायऱ्या उतरण्यासाठी मागतो आहे, पुढचे तू पाहा. आणि पाय काळूरामच्या हाती दिला.

आवणीचे दिवस असूनही त्याने एकवीस दिवसांत खंड पडू दिला नाही. काही दिवस तो अंधारातून निघून येई आणि मालिश करून शेतावर जाई. मालिश झाली, की पारावरून दहा वेळा उठायला लावी, मग अंगणात चालवी, मग सभामंडपाच्या एका पायरीवर चढ-उतार. "बारका पोर कसा उतरतो? आडवा. तसा उतरा. लाजू नका, महादेव काय तुमची परीक्षा घेत नाय."

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मुलगा वाशिंदहून पहाटेच्या गाडीने आला. तो सभामंडपात खांबाशी उभा राहिला. मी भिंतीला हात लावून, आडवा होऊन, एकेक पायरी उतरलो. काळूराम माझ्या पुढे एक पायरी खाली होता. त्याने हात पुढे केला नव्हता, परंतु तो तेथे होता. खाली मी मांडी घातली नाही. डॉक्टरांनी आणि काळूरामनेही ती वर्ज्य सांगितली होती. लाकडी पाटावर पाय सोडून बसलो आणि अभिषेक केला. इतक्या वर्षांत देवासमोर पाय सोडून मी कधी बसलो नव्हतो. परत येताना चौथ्या पायरीवर गुडघा अडला. मी सोवळ्यात होतो. काळूरामच्या खांद्यावर हात ठेवला आणि वर आलो. मुलाने माझ्या हातातील तांब्या घेतला. म्हणाला, "बाबा, हिवाळ्यात थंडीने त्रास वाढतो. तेवढी काळजी घ्या." त्याचे उत्तर मला मिळाले होते. ट्रंका आठवडाभरातच पुन्हा माळ्यावर गेल्या.

पाय पूर्वीसारखे झालेले नाहीत, होणारही नाहीत. कोणाचे गुडघे दुखत असतील तर मी त्यांना चमत्काराची गोष्ट सांगत नाही. डॉक्टरांना दाखवा, रोज थोडे चाला, आणि जाणत्या हाताकडून मालिश करून घ्या, एवढेच सांगतो. मला जे मिळाले ते वेगळेच होते. आयुष्यभर मी देवाला शरण जातो असे म्हणत आलो; परंतु ती शरणागती अंतर राखून होती. जेथे आपल्याला काही करता येत नाही तेथे दुसऱ्याचा हात स्वीकारावा लागतो, आणि तो हात कोणत्या वारी, कोणाच्या मनगटाला जोडलेला येईल, हे ठरवणे आपल्याकडे नसते. हे पाठ करण्यात माझी सत्तर वर्षे गेली. अंगी लागायला एका शेतकऱ्याचे तळहात लागले.

आता काळूराम आठवड्यातून दोनदा येतो. बाकीचे दिवस मीच माझ्या पायांना तेल लावतो. कसे लावायचे ते त्याने मला शिकवले आहे. भाद्रपदात एका संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर सौभाग्यवती ओटीवर बसल्या होत्या, आणि उठताना त्यांनी भिंत धरली. मी जवळ गेलो, त्यांच्यासमोर पाटावर बसलो आणि त्यांचा पाय हातात घेतला. त्यांनी तो झटकन ओढून घेतला.

"अहो, हे काय? माझ्या पायाला हात? पाप लागेल मला!"

"लागू दे. अर्धे माझ्या नावावर."

"म्हातारपणी काहीतरीच!" त्या म्हणाल्या. परंतु पाय पुन्हा ओढला नाही. त्यांचा घोटा सुजलेला होता. किती दिवसांपासून, असे मी विचारले.

"झाली की सहा-सात वर्षं," त्या म्हणाल्या. "तुमचा जप चालू असायचा."

मी तेल तळहातावर घेतले, हात चोळून गरम केले, आणि घोट्यापासून वर, सावकाश, जसे मला मिळाले तसे, देऊ लागलो.